हॉकीची मॅच आणि सरगुंड्यांच्या पराती

पोरांनो, परवा तुमच्या आईनं फोनवर सांगितलं की तुमच्याकडे मॅच बघायला मित्रमंडळी जमली होती आणि तुम्ही दोघांनी मिळून मॅकरोनी, टोमॅटो आणि चीज एका मोठ्या भांड्यात रचून, ओव्हनमध्ये भाजून सगळ्यांना पोटभर खाऊ घातलं. वर ती म्हणाली, "आई, तुला असलं काही माहीतसुद्धा नसेल." मी फोनवर काही बोलले नाही. फोनवर सगळं घाईत होतं आणि मला गोष्टी क्रमानं सांगायला आवडतात. म्हणून लिहिते. असला पदार्थ मी केलेला आहे. जालन्यात, निजामाचं राज्य असताना, घरात ओव्हन तर सोडाच, साधी शेगडीसुद्धा एकच असताना, साठ-सत्तर माणसांसाठी. आणि त्या एका जेवणावर माझं शाळेत शिकवायला जाणं अवलंबून होतं.

आधी शाळेचं सांगते. माझे वडील वकील. त्यांनी मला मिशनच्या शाळेत बोर्डिंगला ठेवून इंग्रजी शिकवलं. लग्न होऊन जालन्याला आले ते शेतीवाडीच्या, पण शहरात कापसाची आडत असलेल्या घरात. घरात मामंजी, म्हणजे माझे सासरे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई. थोरले दीर आणि जाऊबाई. आणि आम्ही दोघं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. पावसाळ्यात शाळा उघडेल तेव्हा इंग्रजी शिकवायला कोणी हवं आहे, सूनबाईंना पाठवाल का, असं त्यांनी विचारलं. तुमचे आजोबा लगेच हो म्हणाले, पण त्या घरात त्यांच्या होकाराला फारशी किंमत नव्हती. आत्याबाईंनी मोठ्या बाईंना चहा दिला, कुंकू लावलं, आणि त्या गेल्यावर म्हणाल्या, "शाळेत गेली की चूल सुटली. पुस्तकवालीच्या हातचं खाऊन कोणाचं पोट भरलंय का?" मामंजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. मोठ्या बाईंना आम्ही पाडव्यानंतर निरोप देतो असं कळवलं होतं, आणि पाडवा जवळ येत चालला होता.

आता हॉकीचं. मामंजींना दोनच गोष्टींचं वेड होतं, कापूस आणि हॉकी. स्टेशनाजवळ त्यांचं कापसाचं गोदाम होतं आणि त्याच्या मागच्या मैदानावर दर फाल्गुनात गावची टीम औरंगाबादच्या टीमशी खेळायची. टीममध्ये आडतवाल्यांची मुलं, रेल्वेतले बाबू, एक-दोन मुसलमान तालेवार घरातले तरुण, सरकी काढायच्या जिनातला एक फिटर, असे सगळ्या जातीचे लोक. पाहुणे दुपारच्या गाडीनं येत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात. मॅच संपली की गाडी यायच्या आत सगळ्यांना एकत्र जेवू घालायचं, हा मामंजींचा मान.

आदल्या वर्षी त्या मानाची माती झाली होती. पोळ्या एकेक करून निघतात. पहिल्या पंगतीला मिळाल्या, दुसऱ्या पंगतीच्या पानात नुसती भाजी पडून राहिली आणि तिकडे गाडीनं शिट्टी दिली. अर्धे पाहुणे उपाशी गाडीत बसले. त्यांचा कॅप्टन, उंच, मिशीवाला, खिडकीतून हसत ओरडला होता, "सेठ, अगले साल हम अपना डब्बा लेके आते!" प्लॅटफॉर्मवरचे हमालसुद्धा हसले. मामंजी वर्षभर ते वाक्य गिळत होते.

त्या वर्षी मॅच आठवड्यावर आली तेव्हा ते ओसरीवर तक्क्याला टेकून बसले आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळ्यांच्या पानात एकाच वेळी गरम पडंल असं काय करता येतं? बोला."

जाऊबाई आतून म्हणाल्या, "भात करू की."

"भातानं काय होतं? बदनापूरचं टेसन येईस्तोवर पोट रिकामं."

"मंग बिर्याणी सांगा."

"आन् माळकरी आन् मारवाडी पोरं काय वारा खातील?"

मी दाराआड उभी होते. मला बोर्डिंगमधला नाताळ आठवला. आमच्या मडम मुंबईहून आलेल्या डब्यातली मॅकरोनी उकडून, दुधाच्या दाट रश्शात घालून, वर चीज पसरून भट्टीत भाजत. मग सुरीनं चौकोन पाडून एकदम सगळ्या मुलींना वाढत. पहिलीला आणि शेवटचीला सारखंच गरम मिळे. मी म्हटलं, "मामंजी, मी करीन. भाजून ठेवायचं, कापून वाढायचं. सगळ्यांना एका वेळी."

आतून आत्याबाईंचा आवाज आला, "पुस्तकातलं असंल."

"पुस्तकातलं न्हाई, खाल्लेलं आहे," मी म्हटलं, आणि त्याच दमात, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून बोलून टाकलं, "सगळे पोटभर जेवून गाडीत बसले, तर मला शाळेत जाऊ द्या. एकजण जरी उपाशी गेला, तर मी शाळेचं नाव काढणार न्हाई. कधीच."

मामंजी हसायला लागले. आडतीच्या धंद्यात सौदा ठरला की समोरच्याच्या हातावर टाळी देतात. सुनेच्या हातावर टाळी कशी देणार? त्यांनी तक्क्यावरच जोरात थाप मारली. "सौदा पक्का!"

आत्याबाई म्हणाल्या, "काय बाई ह्या घरात एकेक सौदे."

जालन्यात मॅकरोनी कुठून आणणार? पण मला त्याची काळजी नव्हती, कारण मॅकरोनी आपल्याकडे आधीपासूनच आहे. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खातात ते सरगुंडे तुम्ही एकदा इथे आला होता तेव्हा खाल्ले होते, आठवतं? बन्सी गव्हाचं पीठ घट्ट मळायचं, त्याची लांब बारीक वळी करायची, ती तेल लावलेल्या काडीवर गोल गोल गुंडाळायची, पाटावर हलक्या हातानं फिरवायची म्हणजे कडा एकमेकींना धरतात, आणि काडी ओढून घ्यायची. उरते ती पोकळ नळी. मडमच्या डब्यातली मॅकरोनी यंत्रावर निघालेली असे; सरगुंड्यावर बोटांच्या रेघा असतात आणि त्या रेघांत रस्सा धरून राहतो. म्हणजे आपलीच चांगली.

पण साठ-सत्तर माणसांचे सरगुंडे एकटीनं होत नाहीत. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. आमच्या गल्लीत लग्नाचं काम असलं की कोणाला बोलवावं लागत नसे, आणि मामंजींची मॅच लग्नाहून कमी नव्हती. अंगणात बाजा टाकून त्यावर धोतरं पसरली आणि दोन दुपारी नुसत्या काड्या फिरत होत्या. एक म्हातारी काकू सारखी विचारायची, "फाल्गुनात सरगुंडे? आन् आंबे कुठंयत?" जाऊबाई सांगायच्या, "काकू, हे आंब्यासंग न्हाई, हाकीसंग खायचेत." काकू म्हणायच्या, "हाकी म्हंजे कसली भाजी?" आणि सगळ्या पुन्हा हसायच्या. सरगुंडे उन्हात कडक वाळले.

भाजायचा प्रश्न तुमच्या आजोबांनी सोडवला. बाजारात पाववाल्या चाचांची मोठी भट्टी होती. लोक रवा, तूप, साखर नेऊन त्यांच्याकडून नानकटाई भाजून आणत. आजोबांनी मला तिथे नेलं. चाचांनी मला पराती कशाच्या आहेत ते विचारलं. मी म्हटलं, पितळी, नुकतीच कल्हई केलेली.

"हौ बेटी, फिर फजर को नक्को लाओ," चाचा म्हणाले. पहाटेच्या कडक आगीत कल्हई वितळते. "पाव निकलने के बाद लाओ. आग नरम हो जाती. कल्हई को कुछ नै होता."

आत्याबाईंना भट्टीचं कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "आपलं अन्न तिथं जाणार?" मामंजी म्हणाले, "तुझ्या लुगड्याचा कापूस किती हातातनं आलाय ते इचारलंस का कधी? जाऊ दे परात." तो विषय तिथेच संपला.

मॅचच्या दिवशी सकाळी मी सगळं ओळीनं मांडलं. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर मोठं भगुणं, त्यात पाणी. ते जाऊबाईंच्या ताब्यात; पाण्याला उकळी आली की सरगुंडे टाकायचे, शिजले की टोपलीत उपसायचे. मी आत दूध आटवत होते, पांढऱ्या रश्शासाठी. चक्का आदल्या दिवशी टांगून ठेवला होता, चीजच्या जागी. चाचांकडून आणलेले टोस्ट कुटून ठेवले होते, वरून पेरायला. सगळं बराबर चाललं होतं. मी स्वतःवर इतकी खूश होते की दूध ढवळताना इंग्रजी कविता म्हणत होते.

जाऊबाई हातात एक सरगुंडा घेऊन आत आल्या. त्यांचा चेहरा बघून मी उलथणं खाली ठेवलं. "हे जरा चाखून बघ गं," त्या म्हणाल्या.

मी चाखला. गोड होता. थोडाथोडका नव्हे, लापशीसारखा गोड.

झालं होतं ते असं. आमच्या गल्लीत लग्नाच्या घरी पहिलं भगुणं चुलीवर चढलं की येणारी प्रत्येक बाई पदरातून आणलेला गुळाचा खडा त्यात टाकते. शकुन म्हणून. लग्नात पहिलं भगुणं लापशीचंच असतं, त्यामुळे कितीही गूळ पडला तरी चालतो. त्या सकाळी गल्लीतली एकेक बाई, आपल्या टीमनं जिंकावं म्हणून, येता-जाता भगुण्यात खडा टाकून गेली होती. कोणी मोठा, कोणी लहान. जाऊबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी स्वतःही टाकला होता.

आम्ही सरगुंडे थंड पाण्यात दोनदा धुतले. वरचा चिकटपणा गेला. आत मुरलेली गोडी तशीच राहिली. नवे करायला वेळ नव्हता, पीठही नव्हतं. दाराशी आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता त्या म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं? पण त्या पदर नीट करत म्हणाल्या, "मी बी टाकला एक खडा."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"हाकीसाठी टाकला," त्या झटकन म्हणाल्या. "तुझ्यासाठी न्हाई."

मला त्या क्षणी हसू आलं आणि हसण्यानं डोकं जागेवर आलं. दुधात घातले तर खीर होणार, हे उघड होतं. पण गोडाला घाबरायचं काय कारण? आपली आमटी गूळ घातल्याशिवाय कधी होते का? गोड आधीच आलेलं आहे, तर आंबट आणि तिखट त्याच्या बरोबरीनं आणायचं. मी दूध चुलीवरून उतरवलं. "हे चहाला ठेवा. जाऊबाई, नवी चिंच भिजत घाला. सगळी. आत्याबाई, येसराचा डबा द्या."

येसर तुम्हाला माहीत नसेल. गहू, हरभऱ्याची डाळ आणि सगळे मसाले खमंग भाजून केलेलं पीठ. लग्नात आमटी दाट करायला घालतात. गुठळी होत नाही आणि चव खोल जाते. तो डबा आत्याबाईंच्या फडताळात वरच्या फळीवर असे आणि त्याला त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नसे. त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "सगळा संपवू नको म्हंजे झालं," त्या म्हणाल्या. मी जवळजवळ सगळा संपवला.

कढईत तेलावर कांदा आणि लसूण लाल केला. टोपलीभर टमाटे, चिंचेचा कोळ, लाल तिखट, मीठ, आणि वर येसर. रटरट उकळल्यावर त्यात भरड कुटलेले शेंगदाणे. एक सरगुंडा त्यात बुडवून जाऊबाईंनी खाल्ला, डोळे मिटले, आणि दुसरा उचलला. मी म्हटलं, "आता बस. पाहुण्यांना राहू द्या."

परातींना तूप लावलं. सरगुंडे, रस्सा, पुन्हा सरगुंडे, पुन्हा रस्सा. सगळ्यात वर चक्क्यात मीठ आणि वाटलेली हिरवी मिरची कालवून जाड थर दिला आणि त्यावर टोस्टचा चुरा, तुपाचे थेंब. पराती छकड्यात घालून आजोबा आणि मी भट्टीवर गेलो. चाचांनी लांब फळीवरून एकेक परात आत सरकवली आणि आम्हाला बाकावर बसवलं. थोड्या वेळानं भट्टीच्या तोंडातून जो वास आला त्यानं बाजारातली माणसं थांबायला लागली. एकानं विचारलं, "चाचा, आज क्या निकाल रहे?" चाचा म्हणाले, "निकालने वाला मैं नै, ये बेटी है."

पराती बाहेर आल्या तेव्हा वरचा थर सोनेरी झाला होता, कडांना तांबूस खरपूस किनार आली होती आणि आतून रस्सा बुडबुडत होता. कल्हई जशीच्या तशी.

गोदामात पोचलो तेव्हा मॅच रंगात आली होती. घरच्या बायका कापसाच्या गाठींमागे बसल्या होत्या. तिथून मैदान दिसत नसे, नुसता आवाज येई. आम्ही पराती घोंगड्यांत गुंडाळल्या आणि कान मैदानाकडे लावून बसलो. एकदा पाहुण्यांचा जल्लोष झाला, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "गेलं." थोड्या वेळानं आपल्या लोकांचा आरडाओरडा झाला, तेव्हा म्हणाल्या, "आलं." मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग एकदम इतका मोठा आवाज उठला की गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मामंजी धावत आत आले. फेटा सुटून खांद्यावर लोंबत होता. "जिंकलो!" ते ओरडले, आणि त्याच श्वासात, "वाढा! जल्दी! गाडीला टाइम थोडा हाय!"

पत्रावळी मांडलेल्या होत्या. मी आणि जाऊबाईंनी गाठींमागेच उलथण्यानं चौकोन पाडले, आणि आजोबा आणि दीर ते पत्रावळींवर ठेवत पुढे गेले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाढून होईस्तोवर पहिल्याच्या पानातली वाफसुद्धा गेली नव्हती. कोणाच्या शेजारी कोण बसलंय हे बघायला कोणाला सवड नव्हती. मग एकदम शांतता झाली. ती शांतता मी कधी विसरणार नाही. दमलेली, घामेजलेली साठ-सत्तर माणसं नुसती जेवत होती.

आदल्या वर्षीचा तो मिशीवाला कॅप्टन मधल्या पंगतीत होता. त्याच्या मांडीशी खरंच एक पितळी डबा होता, घरून भाकऱ्या भरून आणलेला. बोलला होता तसा घेऊन आला होता. त्यानं पहिला चौकोन संपवला, दुसरा मागितला, मग खरपूस कोपरा मागितला. "सेठ," तो म्हणाला, "ये क्या चीज है? खट्टा भी है, मीठा भी, तीखा भी. नाम तो बोलो."

मामंजींना नाव माहीत नव्हतं. ते गाठींपाशी आले आणि हळूच म्हणाले, "अगं, ह्याला म्हणतात काय?"

"मॅकरोनी म्हणतात," मी म्हटलं, आणि मग मलाच ते पटलं नाही. "न्हाई. भट्टीचे सरगुंडे म्हणा."

मामंजींनी वळून सगळ्या गोदामाला ऐकू जाईल असं सांगितलं, "भट्टीचे सरगुंडे! हमारी छोटी बहू ने बनाए!"

सिग्नल पडला. लोक हात धुवायला उठले. तेव्हा कॅप्टननं आपला डबा उघडला, आतल्या भाकऱ्या काढून बाहेर उभ्या असलेल्या टांग्याच्या घोड्यापुढे ठेवल्या, आणि रिकामा डबा घेऊन थेट गाठींच्या दिशेनं आला. बायका आहेत हे लक्षात येताच लांबच थांबला आणि डबा जमिनीवर ठेवला. "भाभी, इसमें भर दो. हारे भी, और भूखे भी जाएँ, ये नै होता." जाऊबाईंनी डबा कोपऱ्यांनी भरला. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा परातींच्या तळाशी फक्त तूप चकाकत होतं, आणि घोडा भाकरी चघळत होता.

घरी परतताना छकड्यात मामंजी पुढे बसले होते. बराच वेळ ते मॅचबद्दलच बोलले, कोणी पास दिला, कोणी गोल केला. मग मागे न बघता म्हणाले, "मोठ्या बाईंना उद्या निरोप धाडा. पावसाळ्यात येते म्हणावं."

आत्याबाई म्हणाल्या, "आन् सकाळचा सैपाक?"

"मी हाय की," जाऊबाई म्हणाल्या. आजही मी त्यांचं नाव घेते ते या तीन शब्दांसाठी.

"सौदा म्हंजे सौदा," मामंजी म्हणाले.

पावसाळ्यात शाळा उघडली. पहिल्या दिवशी मी नवं लुगडं नेसून, वह्या काखेत घेऊन ओसरीवर आले. दारोदारच्या बायका उंबऱ्यात उभ्या होत्या. आत्याबाई देवघरातून आल्या, माझा हात उघडला आणि तळव्यावर गुळाचा खडा ठेवला.

"एकच देते," त्या म्हणाल्या. "गल्लीत कोणाला सांगू नको, न्हाईतर सगळ्या देतील."

मी तो खडा तोंडात टाकला आणि शाळेकडे चालू लागले.